रायपुरातल्या घरासाठी दिवे घेताना: आधी कोणता बदलायचा आणि खर्च किती

छत्तीसगडमध्ये घरगुती वीज बिल निम्मं करणारी सवलत मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती महिन्याला ४०० युनिटांपर्यंत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ही मर्यादा १०० युनिटांवर आली. त्याच वर्षी १ डिसेंबरपासून ती २०० झाली, आणि २०० ते ४०० युनिट वापरणाऱ्यांना पहिल्या २०० युनिटांवर एका वर्षापुरती सूट ठेवण्यात आली. अटी पुन्हा बदलू शकतात, म्हणून आत्ताची अट आपल्या ताज्या बिलावर किंवा वीज वितरण कंपनीच्या ‘मोर बिजली’ अ‍ॅपवर पाहून घ्यावी. पण एक गोष्ट या सगळ्या बदलांत कायम आहे: महिनाअखेर मीटर रेषेच्या कोणत्या बाजूला थांबतं, यावर बिलाचा आकडा ठरतो. रेषेच्या जवळ असलेल्या घराला वीस-तीस युनिट कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग दिवे बदलण्याचा आहे. एसी बंद ठेवायला मन धजत नाही आणि फ्रिज बंद ठेवता येत नाही. दिवा बदलला तर उजेड तेवढाच राहतो.

एक घर धरू. महिन्याला २३० युनिट जळतात. बाहेरच्या पोर्चमध्ये जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब संध्याकाळपासून सकाळपर्यंत, म्हणजे ११ तास चालू असतो. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत तांब्याच्या चोकच्या दोन जुन्या ट्यूबलाइट आहेत, रोज सहा-सहा तास. झोपायच्या खोलीत रात्रभर झीरोचा बल्ब. पोर्चमध्ये ९ वॅटचा एलईडी लावला की महिन्याला सुमारे १७ युनिट वाचतात. दोन ट्यूबच्या जागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या आल्या की साडेअकरा. झीरोच्या जागी अर्ध्या वॅटचा रात्रदिवा आला की जवळजवळ चार. बेरीज ३२ युनिटांची होते आणि २३० चं घर १९८ वर येतं. यासाठी लागणारा सगळा खर्च हजार रुपयांच्या आत बसतो.

हिशोब कसा मांडायचा

जुन्या आणि नव्या दिव्याच्या वॅटमधला फरक घ्या, रोजच्या तासांनी गुणा, दिवसांनी गुणा आणि १,००० ने भागा. येतील ती युनिटं. त्यांना दराने गुणलं की रुपये. यात चूक होते ती दर धरताना. छत्तीसगडमध्ये घरगुती दराचे टप्पे १००, २००, ४०० आणि ६०० युनिटांवर बदलतात. पहिल्या टप्प्याचा दर चार रुपयांच्या आसपास आहे आणि ६०० च्या वरचा आठ रुपयांच्या पुढे. वाचलेलं युनिट नेहमी आपल्या सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतं, म्हणून हिशोबात सरासरी दर न धरता शेवटच्या टप्प्याचा दर धरायचा. त्यावर विद्युत शुल्क, उपकर आणि इंधन खर्चाचा अधिभार असतो. हे सगळं मिळून २०१ ते ४०० च्या टप्प्यातल्या घरासाठी मी युनिटला ६ रुपये धरले आहेत. ज्यांना निम्म्या बिलाची सूट मिळते त्यांनी पुढच्या रुपयांच्या आकड्यांचा अर्धा भाग धरावा. युनिटांचे आकडे सगळ्यांना सारखेच लागू आहेत.

या सूत्राने पाहिलं की घरातला कोणता दिवा आधी बदलायचा ते आपोआप कळतं. पोर्चमधला तो ६० वॅटचा बल्ब वर्षाला २०५ युनिट जास्त खातो, म्हणजे १,२०० रुपयांहून अधिक. त्याच्या जागी लावायचा एलईडी शंभर रुपयांचा. सहा तास चालणारी जुनी ट्यूब वर्षाला ७० युनिट, म्हणजे ४२० रुपये. एक तास चालणारा न्हाणीघरातला ६० वॅटचा बल्ब १८ ते १९ युनिट. आणि माळ्यावरचा, जो दिवसातून दहा मिनिटं लागतो, तो वर्षाला अवघी तीन युनिट. माळ्यावरचा बल्ब जळेपर्यंत तसाच राहू दिला तरी काही बिघडत नाही.

सीएफएलबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. १४ वॅटचा चालू सीएफएल काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास चालला, तर वर्षाला ९ युनिट वाचतात, म्हणजे ५५ रुपये. शंभर रुपयांच्या बल्बचे पैसे सुटायला दोन वर्षं. चांगला उजेड देणारा सीएफएल असेल तर तो जळेपर्यंत वापरावा. उजेड मंदावला असेल, चालू व्हायला वेळ घेत असेल, तर मात्र बदलावा.

झीरोचा बल्ब आणि इतर लपलेले खर्च

झीरोचा म्हणून मिळणारा रंगीत काचेचा छोटा बल्ब शून्य वॅटचा नसतो. तो १२ ते १५ वॅट वीज खातो. जुन्या चाकाच्या मीटरवर एवढा कमी भार नीट दिसत नसे, त्यामुळे त्याला वीज लागत नाही असा समज घराघरांत रुजला. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर त्याची प्रत्येक वॅट मोजली जाते. रात्री नऊ तास चालणारा १५ वॅटचा झीरो वर्षाला ४९ युनिट खातो. अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रदिवा दीड युनिटाच्या थोडा वर. रात्रदिवा ३० ते ६० रुपयांना मिळतो. देवघरात चोवीस तास झीरो लावायची पद्धत असेल तर फरक आणखी मोठा, वर्षाला १२५ युनिटांहून अधिक. रुपयांत ते साडेसातशे होतात. अगदी कमी खर्चात मोठा परतावा देणारी ही अदलाबदल आहे, आणि तरी बहुतेक घरांत ती सर्वांत शेवटी होते.

आकाशकंदिलाचंही तसंच. दिवाळीपासून महिनाभर रात्री १२ तास ६० वॅटचा बल्ब लावला तर त्या एका महिन्यात २१ ते २२ युनिट जातात, ५ वॅटचा एलईडी लावला तर दोनाच्या आत. कागदी कंदिलात जुना बल्ब लावणं मुळातच धोक्याचं आहे, कारण त्याची ९० टक्के वीज उष्णतेत जाते आणि कागद तापतो.

तांब्याचा चोक ओळखायचा कसा, हेही सांगतो. ट्यूब लागताना दोन-तीनदा लुकलुकत असेल आणि पट्टीवर बाजूला फिरवून काढायचा गोल स्टार्टर असेल, तर चोक जुना आहे. अशा ट्यूबवर ३६ किंवा ४० वॅट लिहिलेलं असलं तरी चोक स्वतः १२ ते १५ वॅट खातो; एकूण ५० च्या पुढे. इलेक्ट्रॉनिक चोकची किंवा बारीक २८ वॅटची ट्यूब असेल, तर बदलाची घाई नाही.

जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवायची असेल तर वायरमनकडून चोक आणि स्टार्टर काढून घ्यावा आणि वायरिंग त्या ट्यूबच्या खोक्यावरच्या आकृतीप्रमाणे करून घ्यावं. काही जण चोक तसाच ठेवून ट्यूब बसवतात. मग चोक तापत राहतो, थोडी वीज खातो आणि ट्यूब लवकर जाते. त्यापेक्षा २०० ते ३५० रुपयांची अखंड एलईडी पट्टी घेऊन जुनं फिटिंग उतरवणं सोपं आणि सुरक्षित.

वॅट विचारू नका, ल्युमेन विचारा

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, ल्युमेन म्हणजे तो किती उजेड देतो. दुकानात आपण सवयीने वॅट विचारतो. जुना ४० वॅटचा बल्ब सुमारे ४०० ल्युमेन देत असे, ६० चा सुमारे ७००, १०० चा १,३५० च्या आसपास. चांगला एलईडी एका वॅटला १०० ल्युमेन देतो, म्हणजे ९ वॅटचा ९०० च्या जवळ. त्यामुळे ६० च्या जागी तो पुरून उरतो. पण ९ वॅट लिहिलेला स्वस्त बल्ब ६००-६५० ल्युमेनचाही असू शकतो. वीज तेवढीच, उजेड दोन तृतीयांश. खोक्यावर ल्युमेन छापलेले नसतील तर तो बल्ब घेऊच नये, कारण ज्या गोष्टीसाठी आपण पैसे देतो तीच त्याने लिहिलेली नाही.

ऊर्जा दक्षता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं, तारांकित लेबल याच गुणोत्तरावर दिलं जातं. एलईडी बल्बना हे लेबल सक्तीचं आहे. जितके तारे जास्त, तितका एका वॅटमागे उजेड जास्त. बदल तासभर चालणाऱ्या दिव्यासाठी असेल तर तीन तारे पुरेत. रात्रभर चालणाऱ्या पोर्चसाठी चार-पाच ताऱ्यांचा घ्यावा.

खोलीला किती लागेल? दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. वावरायला, गप्पांना, टीव्हीला चौरस मीटरमागे दीडशे ल्युमेन पुरतात, म्हणजे १,६५०. भिंतींनी गिळलेला उजेड धरून २,००० ची एक पट्टी बसते. रंग गडद असेल किंवा तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांसारखं छत उंच असेल, तर एकच मोठा दिवा वर लटकवण्याऐवजी दोन पट्ट्या भिंतीवर थोड्या खाली लावाव्यात. ओट्यावर, जिथे सुरी चालते आणि तांदूळ निवडले जातात, दुप्पट उजेड हवा. तिथे मांडणीखाली किंवा कपाटाखाली पाच-सहा वॅटची छोटी पट्टी लावली तर स्वतःची सावली हातावर पडत नाही. खोलीचा मोठा दिवा वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो. २,७०० ते ३,००० पिवळट, ४,००० मधला, ६,५०० निळसर पांढरा. रायपुरातल्या दुकानांत न सांगता हातात येतो तो ६,५०० चा. उन्हाळ्यात हा पांढरा उजेड थंड वाटतो म्हणून लोकांना तो आवडतो, आणि बैठकीत तो चालतोही. झोपायच्या खोलीत मात्र तो लावू नये. निळसर उजेड रात्री झोपेचं संप्रेरक दाबतो, आणि मुलांवर त्याचा परिणाम अधिक होतो. तिथे ३,००० चा घ्यावा. अभ्यासाच्या टेबलाला आणि स्वयंपाकघराला ४,००० चा उत्तम. मागितला तर मिळतो, किंमत तीच असते आणि वीजही तेवढीच लागते.

त्याच खोक्यावर सीआरआय हा आकडा पाहावा. ८० किंवा वर असावा. कमी असेल तर भाजीचा, साडीचा, माणसाच्या चेहऱ्याचा रंग मरगळलेला दिसतो.

खोटा बल्ब ओळखणं

एलईडी बल्बची किंमत एवढी उतरली ती सरकारी मोठ्या खरेदीमुळे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या आणि पुढे उजाला नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. खरेदीची किंमत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होती, २०१६ मध्ये ती ३८ वर आली, आणि ग्राहकाला ९ वॅटचा बल्ब तीन वर्षांच्या हमीसह ७० रुपयांत मिळाला. आज दुकानात नावाजलेल्या कंपनीचा ९ वॅटचा बल्ब साधारण ७० ते १२० रुपयांना पडतो, १२ वॅटचा १३० ते १८० ला. चारच्या खोक्यात नगाला दहा-वीस रुपये कमी होतात. एखाद्या गल्लीने किंवा अपार्टमेंटने मिळून पेटी घेतली तर ठोक भाव मिळतो.

याच्या खाली, हातगाडीवर आणि आठवडी बाजारात, २०-३० रुपयांचे बल्ब मिळतात. त्यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे: घेऊ नयेत. २०१७ मध्ये नील्सनने मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबादमधल्या २०० दुकानांत केलेल्या पाहणीत एलईडी बल्बचे ७६ टक्के ब्रँड ग्राहक-सुरक्षेच्या निकषांत बसत नव्हते. निकष न पाळणारा बल्ब लवकर जातो, ही त्यातली लहान तक्रार. मोठी अशी की अशा बल्बच्या आतलं सर्किट मुख्य विजेपासून नीट वेगळं केलेलं नसतं, प्लास्टिक पातळ असतं, आणि ओल्या हाताने बदलताना झटका बसू शकतो.

खरा बल्ब ओळखायला दोन मिनिटं लागतात. बल्बवर आणि खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण असते: आयएस १६१०२ हा क्रमांक आणि इंग्रजी आर अक्षरापुढे आठ अंक. हे अंक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकले की उत्पादकाचं नाव दिसतं. ते नाव खोक्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. दुकानदाराला बल्ब लावून दाखवायला सांगावं आणि मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरावा. पडद्यावर काळे पट्टे जोरात सरकताना दिसले तर बल्ब सेकंदाला शंभर वेळा मंदावतो आहे. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण तासभर वाचलं की डोकं दुखू शकतं. अभ्यासाच्या जागी तसा बल्ब नको.

जयस्तंभ चौक, मालवीय रोड, गोलबाजार, कुठेही घेतलात तरी व्यवहार हिंदीतच होणार; ‘भैया, पक्का बिल देना’ एवढं न विसरता म्हणावं. छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेलाच असतो, त्यामुळे बिल मागितलं म्हणून किंमत वाढवणं चुकीचं आहे. आणि होल्डर पाहून जा: आपल्याकडे बहुधा दोन पिनांची टोपी असते, पण झुंबरात आणि नव्या भिंतदिव्यांत आट्यांची, ज्याला दुकानात ‘चूडीवाला’ म्हणतात.

ऊन, धूळ आणि व्होल्टेज

खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज पाच तासांनी ती तेरा-चौदा वर्षं होतात. प्रत्यक्षात अनेक बल्ब दोन-तीन वर्षांत जातात, आणि रायपुरात त्याचं पहिलं कारण उष्णता आहे. मे महिन्यात इथे पारा ४२ ते ४५ पर्यंत चढतो, पत्र्याच्या छपराखाली त्याहून वर. एलईडीचा प्रकाश देणारा कण सहसा जात नाही. जातो तो टोपीतला छोटा कपॅसिटर. अभियंत्यांचा ठोकताळा असा की भोवतालचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. पोर्चमधल्या काचेच्या बंद गोळ्यात बल्बची स्वतःची उष्णताही बाहेर पडत नाही. म्हणून बंद गोळ्यात १२-१५ वॅटचा बल्ब कोंबू नये, ७ किंवा ९ चा लावावा. जमलं तर खालून उघडं असलेलं फिटिंग घ्यावं. पीओपीच्या छतात बसवलेल्या गोल दिव्यांच्या वर चार बोटं मोकळी जागा हवी. थेट पत्र्याला चिकटवलेली पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात त्रास देते. मध्ये लाकडाची फळी असावी.

धुळीचं दुखणं रायपूरचं खास आहे. उरला आणि सिलतराच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ गच्चीवर, खिडकीच्या कठड्यावर आणि दिव्यांवरही बसते. ती उजेड खाते आणि उष्णता अडवते, पण बिल तेवढंच येतं. दर पंधरा दिवसांनी बटण बंद करून, बल्ब गार झाल्यावर, कोरड्या फडक्याने पुसावा. नवा मोठा बल्ब आणण्याआधी जुना पुसून पाहावा, कारण बऱ्याचदा मंदावलेल्या उजेडाचं कारण एवढंच असतं.

व्होल्टेजसाठी खोक्यावरचा पल्ला वाचावा. २२०-२४० एवढाच लिहिलेला बल्ब शहराच्या टोकाला, जिथे संध्याकाळी दाब पडतो आणि मध्यरात्री चढतो, तिथे टिकत नाही. १४० ते २७० किंवा त्याहून रुंद पल्ल्याचा घ्यावा. पावसाळ्याआधीच्या वादळांत विजेचा लोंढा येतो. चार किलोव्होल्टपर्यंत सर्ज संरक्षण लिहिलेला बल्ब पोर्चसाठी दहा-वीस रुपये जास्त देऊन घेण्यासारखा आहे. दुकानदार पॉवर फॅक्टर ०.९ असल्याने बिल कमी येतं असं सांगतात. घरगुती मीटर युनिटांवरच आकारतो, त्यामुळे त्याने आपल्या बिलात फरक पडत नाही. वितरणाच्या तारांवरचा भार मात्र हलका होतो.

बटण बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहतो, अशी तक्रार जुन्या घरांत नेहमी येते. दोष बहुधा बल्बचा नसतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, किंवा बटणातला छोटा लाल दिवा त्यातून थोडा प्रवाह सोडतो. पहिलं कारण असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते. वायरमनला बोलावून टेस्टर लावून घ्या, हे टाळू नका.

कशावर पैसे घालू नयेत

मोबाइलवरून रंग बदलणारा स्मार्ट बल्ब पाचशेच्या पुढे जातो आणि बंद असतानाही थोडी वीज घेत राहतो. हौस म्हणून घ्यावा, बचत म्हणून नाही. बॅटरीचा इन्व्हर्टर बल्ब ३०० ते ५०० ला येतो. वीज गेल्यावर जिन्यात आणि न्हाणीघरात वृद्धांसाठी तो मोलाचा आहे, पण अशी एक-दोनच ठिकाणं असतात, आणि उन्हाने त्याची बॅटरी लवकर थकते. पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या जुन्या डिमरवर साधा एलईडी लावू नये. खोक्यावर डिमर चालतो असं लिहिलेलं असेल तरच.

मराठी मंडळींच्या चौबे कॉलनी-सुंदर नगर भागातल्या नेहमीच्या दोन खोल्या-बैठक-स्वयंपाकघराच्या घराचा सगळा हिशोब मांडला तर असा निघतो. चार बल्ब ४०० रुपयांचे, तीन पट्ट्या सुमारे ८४०, दोन रात्रदिवे १००, वायरमन ३००. एकूण १,६४० च्या आसपास. पोर्चचा पिवळा बल्ब, तीन जुन्या ट्यूब, दोन झीरो आणि तीन मंदावलेले सीएफएल गेले तर वर्षाला सुमारे ५३५ युनिट वाचतात. ६ रुपयांच्या दराने ३,२०० रुपयांच्या आसपास. पैसे सहा महिन्यांत सुटतात, निम्म्या बिलाची सूट असेल तर वर्षभरात. छत्तीसगडची वीज मुख्यतः कोरब्यासारख्या ठिकाणच्या कोळशावर होते, आणि कोळशाच्या एका युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका घरामागे वर्षाला अर्धा टन.

दिवे झाल्यावर पुढचा पैसा पंख्यावर घालावा. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रायपुरात पंखा वर्षातले नऊ महिने, रोज चौदा तास फिरतो, असं धरलं तर एका पंख्यामागे १७० युनिट वाचतात, हजार रुपये. किंमत अडीच ते साडेतीन हजार. तीन वर्षांत फिटते. सर्वांत जास्त फिरणारा एक पंखा आधी बदलावा.

काढलेल्या सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. न फोडता जुन्या खोक्यात घालून पालिकेच्या गाडीवर घातक कचरा म्हणून वेगळ्या द्याव्यात. घरात फुटलीच तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून बंद डब्यात भरा. व्हॅक्यूम क्लीनर आणि झाडू वापरू नका.

नव्या बल्बच्या पांढऱ्या अंगावर आणल्याची तारीख मार्करने लिहा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. बहुतेक कंपन्या दोन वर्षांची हमी देतात, आणि शंभर रुपयांसाठी कोण जाणार म्हणून बहुतेक ग्राहक ती वापरत नाहीत. वापरा. हमीच्या काळात गेलेला बल्ब दुकानात परत न्या, दुकानदाराने नकार दिला तर खोक्यावरच्या कंपनीच्या क्रमांकावर तक्रार करा, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे.